जुन्या ऑफिस डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड: कामाच्या नोंदी

शनिवार, १० जानेवारी २०२६

मशीन: छोट्या कॅबिनेटचा ऑफिस डेस्कटॉप. कोअर आय-५ ४५९० (चार कोअर, ३.३ गिगाहर्ट्झ, ८४ वॅट), क्यू-८७ चिपसेट, डीडीआर-३ रॅम ८ जीबी, तीही एकाच पट्टीत. २४० जीबीची एसएसडी, डेबियन १३ (लिनक्स). मॉनिटर ४के, ६० हर्ट्झचा.

कार्ड हवे आहे ते व्हिडिओसाठी, गेमसाठी नाही. एच-२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची नवी पद्धत, एच-२६४ ही जुनी) चे १० बिट ४के फुटेज लावले की चारही कोअर १०० टक्क्यांवर जातात आणि तरीही फ्रेम गळतात. प्रोसेसरमधले एचडी ४६०० ग्राफिक्स एच-२६४ हार्डवेअरवर उलगडते, १० बिट एच-२६५ त्याला येत नाही. सगळा भार सॉफ्टवेअरवर पडतो.

आज काही विकत घ्यायचे नाही, नुसते मोजायचे. ऑफिसच्या मशीनमध्ये आधी कार्ड ठरवले की काम हमखास अडते. आधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मग जागा, मग स्लॉट आणि सगळ्यात शेवटी कार्ड, हाच क्रम धरावा.

एसएमपीएसच्या लेबलवर एकूण २५५ वॅट. त्या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्टच्या ओळी दोन, एक १७ अँपिअरची आणि एक १६ अँपिअरची. हिशेब असा मांडला: प्रोसेसर जास्तीत जास्त ८४ वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ३० धरले, कार्डासाठी ५०. बेरीज १६४. म्हणजे एसएमपीएस पूर्ण भाराखालीही साधारण ६५ टक्क्यांवर राहील. दहा-बारा वर्षे चाललेल्या एसएमपीएसला यापुढे ताणू नये. आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात.

कार्डासाठी वेगळी ६ पिनची वायर नाही. एसएमपीएस बदलावा म्हटले तर बोर्डाला येणारा मुख्य कनेक्टर नेहमीच्या २४ पिनऐवजी ८ पिनचा आहे आणि खोक्याचे मापही नेहमीचे नाही. त्यामुळे तो रस्ता बंद. जी वीज मिळेल ती स्लॉटमधूनच.

पीसीआय एक्स्प्रेसच्या एक्स-१६ (सोळा लेनच्या, म्हणजे सोळा डेटामार्गांच्या) स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट घेता येतात: १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट, आणि उरलेले ३.३ व्होल्टवर. पण काही छोट्या ऑफिस मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा याहून कमी दिलेली असते. ते पान वाचल्याशिवाय ७५ वॅटचे कार्ड घेऊ नये. इथे ५० च्या आत राहायचे ठरले.

साटाच्या वायरीतून ६ पिन काढून देणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात. ते वापरू नयेत. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीनच, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. ६ पिनवर कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते. वरचा भार त्या बारीक पिनांवर येतो, प्लास्टिक मऊ होते, पिना सैल होतात, सैल झाल्या की आणखी तापतात.

रविवार, ११ जानेवारी

झाकण उघडून आधी धूळ काढली. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर होता. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे. पंखा फिरू दिला तर तो उलटा जनरेटर होतो आणि बेअरिंगही खराब होते. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुटली होती, पुसून नवी लावली.

स्लॉट दोन. प्रोसेसरकडचा दिसायला एक्स-१६, पण आत वायरिंग एक्स-४ चेच. खरा एक्स-१६ त्याच्या पलीकडे, एसएमपीएसच्या पत्र्याला लागून. इथेच सगळी निवड बदलली. कार्डाचा पंखा प्रोसेसरच्या उलट बाजूला असतो, म्हणजे इथे तो थेट एसएमपीएसकडे तोंड करतो. स्लॉटपासून पत्र्यापर्यंत २१ मिलिमीटर भरले. एका स्लॉटच्या कार्डाच्या भागांना १४.५ मिलिमीटरच्या आत राहावे लागते, म्हणजे हवेसाठी सहाएक मिलिमीटर उरतात. दोन स्लॉटची जागा खाणारे कार्ड खऱ्या एक्स-१६ मध्ये बसणारच नाही. ते एक्स-४ मध्ये लावले तर चार लेन मिळतील आणि शेजारचा चांगला स्लॉट झाकला जाईल.

उंची: कॅबिनेट अर्ध्या उंचीचे आहे, त्यामुळे कार्ड लो प्रोफाइलच हवे, बोर्डाची उंची ६९ मिलिमीटरपर्यंत. लांबी: ब्रॅकेटपासून पुढच्या ड्राइव्हच्या चौकटीपर्यंत १७८ मिलिमीटर मोकळे.

बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामच्या) सेलवर मीटर लावला, २.७१ व्होल्ट. सीआर २०३२ नवा असताना ३ च्या वर असतो, बदलला. बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला, आणि त्याचा लगेच उपयोग झाला. सेल काढताच सगळे सेटिंग मूळ पदावर गेले आणि मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून थांबले. बूट मोड यूईएफआयचा लेगसी (जुन्या पद्धतीचा) झाला होता आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, एएचसीआयचा रेड. फोटो पाहून दोन्ही पूर्ववत केले. डिस्क गेली असे वाटून अशा वेळी उगाच नव्याने इन्स्टॉल करू नये. बायोसची नवी आवृत्तीही आजच चढवली, कार्ड बसवण्याआधी. नंतर पडदा काळा राहिला तर बायोस चढवायलाच दिसणार नाही.

बुधवार, १४ जानेवारी

चार अटी पक्क्या: एक स्लॉट, लो प्रोफाइल, ५० वॅटच्या आत, आणि व्हिडिओ उलगडणारे व बांधणारे असे दोन्ही हार्डवेअर.

जीटी १०३०: ३० वॅट, बसतेही छान, पण त्यात एन्कोडर (व्हिडिओ बांधणारा भाग) नाही. शिवाय त्याच नावाने डीडीआर-४ मेमरीचा प्रकारही विकला जातो. जीडीडीआर-५ ची मेमरी सेकंदाला ४८ जीबी देते, डीडीआर-४ ची १७ सुद्धा नाही. खोक्यावरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नये.

आरएक्स ६४००: ५३ वॅट, एका स्लॉटचे मिळते. पण लेन चारच, त्याही चौथ्या पिढीच्या हिशेबाने आखलेल्या. या बोर्डाच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये वेग निम्म्यावर येतो, सेकंदाला ४ जीबीच्या आत. आणि एन्कोडर यातही नाही.

जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल: ७५ वॅट, आणि बहुतेक सगळी दोन स्लॉटची. बाद.

इंटेलच्या आर्क ए-३१० आणि ए-३८० ची शिफारस खूप होते. त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी बोर्डाची सोय) लागतो, नसेल तर वेग बराच पडतो. २०१४ च्या सुमाराच्या बोर्डात ती सोय नसते.

उरली ती एनव्हीडियाची वर्कस्टेशनची छोटी कार्डे, आणि ऑफिसच्या छोट्या कॅबिनेटला खरोखर तीच योग्य. टी-४०० ३० वॅटचे, टी-६०० ४० चे, टी-१००० ५० चे. तिन्ही एका स्लॉटची, तिन्ही लो प्रोफाइल, वेगळ्या वायरीची गरज कोणालाच नाही. टी-६०० ठरले: ट्युरिंग पिढी, ६४० कोअर, ४ जीबी जीडीडीआर-६, लांबी १५६ मिलिमीटर, मागे चार मिनी डिस्प्लेपोर्ट. टी-१००० हिशेबाच्या काठावर येते. सहा मिलिमीटरच्या फटीत तेवढी उष्णता नको.

वापरलेले कार्ड घेताना लो प्रोफाइल ब्रॅकेट सोबत आहे ना, हे आधी विचारावे. दुसऱ्या कार्डाचा ब्रॅकेट चालत नाही, पोर्टांची भोके जुळत नाहीत.

शनिवार, १७ जानेवारी

कार्ड आले. उंच ब्रॅकेट काढून छोटा लावला. त्याचे स्क्रू बारीक आणि गळ्यापाशी नाजूक, बोटांच्या ताकदीनेच आवळायचे.

पॉवरची वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरले. बोर्डावरचा छोटा दिवा विझला की मगच आत हात घालायचा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवून अंगातली स्थिर वीज घालवली. कार्ड दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवले, मागच्या टोकाची खिट्टी ‘टक्’ झाली असे वाटले (उद्याची नोंद पाहावी). ब्रॅकेट दाबणारी पट्टी बंद केली.

मॉनिटरची वायर कार्डाला लावली. ही साधी गोष्ट राहून गेली तरी पडदा काळाच राहतो. कार्ड दिसताच या बायोसमध्ये बोर्डावरचे पोर्ट आपोआप बंद होतात. ते चालू ठेवायचे असतील तर बायोसमध्ये मल्टी डिस्प्लेचा पर्याय आहे. इथे बंदच ठेवले, अंतर्गत ग्राफिक्ससाठी राखली जाणारी रॅम मोकळी झाली.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा वीसेक सेकंद काळा होता, मशीन एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, मग लोगो आला. नवे हार्डवेअर दिसल्यावर असे होते. घाईने बटण दाबून मध्येच बंद करू नये.

रविवार, १८ जानेवारी

ड्रायव्हर. डेबियनच्या सोर्सेसमध्ये कॉन्ट्रिब आणि नॉन-फ्री हे विभाग जोडले, मग चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स, मग एनव्हीडियाचा ड्रायव्हर. क्रम महत्त्वाचा. हेडर्स नसतील तर डीकेएमएस (ड्रायव्हर चालू कर्नलसाठी बांधणारे साधन) मॉड्यूल बांधू शकत नाही, आणि पॅकेजने नूव्हो (लिनक्समधला मुक्त ड्रायव्हर) तर आधीच बंद केलेले असते. मग दोन्हीपैकी एकही ड्रायव्हर नाही, पडदा ढोबळ अक्षरांचा. नूव्होवर राहून भागत नाही, कारण त्यात एन्कोडर मिळत नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू ठेवायचे होते. त्यासाठी डीकेएमएसने तयार केलेली सहीची किल्ली मॉकयूटिल या साधनाने नोंदवली, एकदाच लागणारा पासवर्ड दिला, रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड टाकला. हा निळा पडदा थोडाच वेळ थांबतो. चुकला तर किल्ली पुन्हा नोंदवावी लागते. तिथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डमध्ये नुसती साधी अक्षरे ठेवावीत.

ड्रायव्हर ५५० मालिकेचा चढला, कार्ड दिसले, तापमान दिसले. इथेच समाधान मानून झाकण लावायचा मोह होतो. त्याआधी एलएसपीसीआय या कमांडने लिंकची, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या जोडणीची, स्थिती पाहिली. क्षमतेच्या ओळीत एक्स-१६, आणि प्रत्यक्ष स्थितीच्या ओळीत: वेग दर लेनला सेकंदाला २.५ जीटी (घटवलेला), रुंदी एक्स-८ (घटवलेली).

यातले पहिले ‘घटवलेला’ काळजीचे नाही. कार्ड रिकामे बसले की वीज वाचवायला वेग उतरवते. भार दिला की ८ जीटी होतो, आणि तसा तो झालाही. पण रुंदी भारानुसार अशी निम्म्यावर येत नाही. बोर्डावर सोळा लेन असताना एक्स-८ दिसले तर उरलेल्या आठ लेन कुठेतरी तुटल्या आहेत, असेच समजावे.

कुठे, ते स्लॉटच्या रचनेवरूनच कळते. लेन ० ब्रॅकेटकडच्या बाजूला असते आणि क्रमांक कॅबिनेटच्या आतल्या दिशेने वाढत जातात. आठ ते पंधरा क्रमांकाच्या लेन स्लॉटच्या शेवटच्या अर्ध्या भागात येतात. म्हणजे कार्डाचे आतले टोक वर उचललेले असणार. टॉर्च आडवी धरून पाहिले: ब्रॅकेटच्या बाजूला सोनेरी दाते पूर्ण आत गेलेले, आतल्या टोकाला त्यांची मिलिमीटरभर सोनेरी कड दिसत होती. खिट्टी वर टेकली होती, अडकली नव्हती.

कारण ब्रॅकेटचे खालचे जिभेसारखे टोक. ते पत्र्याच्या खोबणीत न जाता कडेवर बसले होते, आणि पट्टी बंद करताना तिने ब्रॅकेट दाबला की दुसरे टोक तराजूच्या पारड्यासारखे वर यायचे. कार्ड काढले, जीभ पकडीने अर्धा मिलिमीटर आत वळवली. दाते खोडरबरने हलक्या हाताने घासून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. स्लॉटमध्ये अल्कोहोल ओतू नये, कोरडा ब्लोअर पुरे. पुन्हा बसवले. या वेळी खिट्टीचा आवाज निराळाच आला. रुंदी एक्स-१६.

शनिवार, २४ जानेवारी

मॉनिटरला ४के मिळाले, पण ३० हर्ट्झवर. माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. ड्रायव्हरचा दोष नाही, मधल्या अ‍ॅडॅप्टरचा आहे. मिनी डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारे साधे पॅसिव्ह अ‍ॅडॅप्टर फार तर ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच जातात. ४के ३० हर्ट्झला २९७ लागतात, ६० ला ५९४. म्हणून बरोबर अर्ध्यावर अडकते. उपाय दोन: एचडीएमआय २.० चे अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॅप्टर, किंवा मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ वायर. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर दुसराच घ्यावा, मध्ये बिघडायला काही राहत नाही. दीड मीटरची वायर लावली, ६० हर्ट्झ लगेच आले.

रविवार, २५ जानेवारी

उष्णता. खोलीचे तापमान २६ अंश. अर्धा तास सलग एन्कोडिंग लावले, झाकण बंद. कार्ड ८६ अंशांवर गेले आणि क्लॉक (चालण्याचा वेग) हळूहळू उतरू लागला. झाकण उघडे ठेवून मोजलेले तापमान फसवे असते, तसे मोजून खूश होऊ नये.

कारण त्या सहा मिलिमीटरच्या फटीत. कार्डाचा पंखा तिथून हवा ओढतो, आणि समोरच्या पत्र्याच्या जाळीतून एसएमपीएसचा पंखाही तीच हवा ओढतो. दोघांच्या ओढाताणीत कार्डाला गरम, शिळी हवा मिळते.

एकेक बदल करून प्रत्येक वेळी अर्धा तास चालवले, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळते. एसएसडीची वायर कार्डाच्या तोंडासमोरून काढून खालून नेली, पुढच्या जाळीतली धूळ साफ केली: ८३. रिकाम्या एक्स-४ स्लॉटमागची बंद पट्टी काढून भोकांची पट्टी लावली: ७९. मशीन आडवे होते, बाजूची भोके टेबलाला टेकलेली. उभे केले, भिंतीपासून हातभर दूर सरकवले: ७५. क्लॉक आता पूर्ण वेळ स्थिर. नुसती पट्टी काढून मागे मोठी फट ठेवू नये, त्या वाटेने धूळ आणि झुरळे दोन्ही आत येतात.

शनिवार, ७ फेब्रुवारी

रॅमची दुसरी ८ जीबी पट्टी लावली, दोन्ही १६०० च्या. एका पट्टीवर मेमरीची एकच वाहिनी चालते, सेकंदाला १२.८ जीबी, दोन वाहिन्यांवर दुप्पट. दुसरी पट्टी त्याच रंगाच्या जोडीदार स्लॉटमध्ये गेली पाहिजे, नाहीतर १६ जीबी दिसतात पण वाहिनी एकच राहते.

भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावून: रिकामे असताना कार्डाआधी २८ वॅट, आता ३५. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण भारावर १३४. मीटर एसएमपीएसचे स्वतःचे नुकसानही धरतो, म्हणजे आतला खरा भार याहून कमी. पहिल्या दिवशीच्या हिशेबाच्या आत आहे.

सुरुवातीला अडलेले तेच १० बिट ४के फुटेज एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालू करून लावले. प्रोसेसर १२ टक्क्यांच्या आसपास, पाच मिनिटांत एकही फ्रेम गळली नाही. एमपीव्ही हार्डवेअर आपणहून वापरत नाही, कॉन्फिग फाइलमध्ये सांगावे लागते. खात्रीसाठी चालू व्हिडिओवर ‘आय’ दाबून डीकोडरचे नाव वाचावे.

एव्ही-१ ही आणखी नवी व्हिडिओ पद्धत मात्र या कार्डाला येत नाही, ते ट्युरिंगच्या पुढच्या पिढीपासून आले. ऑनलाइन व्हिडिओ एव्ही-१ मध्ये आला की भार पुन्हा चार कोअरवर जातो. ब्राउझरमध्ये एव्ही-१ बंद केले की साइट व्हीपी-९ ही त्याआधीची पद्धत देते. ते कार्डावर चालवायला ब्राउझरसाठी एनव्हीडियाचा व्हीए-एपीआय ड्रायव्हर (ब्राउझरला कार्डाचा डीकोडर वापरू देणारा) वेगळा बसवावा लागतो, तो बसवला.

बाकी: कर्नलचे पुढचे अपडेट आल्यावर डीकेएमएसने मॉड्यूल नव्याने बांधले का आणि लिंक अजून एक्स-१६ च आहे का, हे दोन्ही पाहायचे.